मुरमाला लागलेलं पाणी

“बाबा, ह्या डुकरांच्या नाकात तार का घालत नाही तुम्ही?”

गुणवंत माळावरून तणतणतच आला होता. यंकाबाबा करंजाच्या सावलीत दोरी वळत होते.

“तार घातली की नाक दुखतं, मग डुक्कर उकरत नाही,” ते म्हणाले. “आणि उकरायचं नाही तर खायचं काय त्यानं? तुझं डोकं?”

गुणवंत शिकलेला माणूस, चार ग्रंथ तोंडपाठ. बाबांकडून अनुग्रह घ्यायला आला, तर बाबांनी हातात काठी देऊन त्याला डुकरांमागं धाडलं. त्याला चार महिने झाले. ‘मी सगळं सोडून आलोय,’ हे मात्र तो दिवसातून तीनदा ऐकवायचा.

“ती माझ्या मागं लागलीत, बाबा. मी बसून उठलो की नेमकी तीच जागा उकरतात.”

“लव्हाळा असेल तिथं. त्याच्या गाठींवर जीव टाकतात ती.”

“म्हणून तर आज उघड्या मुरमावर बसलो. तिथं गवताची काडी नाही की किडा नाही...”

“मग?”

“अकराच्या अकरा आली. माझ्याभोवती उभी राहिली. एकानं हूं की चूं केलं नाही. मी उठलो, आणि...”

त्यानं नुसतं माळाकडं बोट दाखवलं. बाबा दोरी खाली ठेवून त्याच्यामागं माळावर गेले.

भर वैशाखातलं ऊन नुसतं भाजत होतं. डुकरं उकरलेल्या खड्ड्याभोवती गोल उभी होती, नाकं मुरमानं सोललेली. खड्डा हातभर खोल असेल. त्यात पाणी आलं होतं. काळं, न हलणारं. अहो, पलीकडच्या गावात विहिरींनी तळ गाठला होता, आणि इथं मुरमाला पाणी!

“सकाळपासून तहानलेली आहेत,” बाबा म्हणाले. “पण बघ, एकानं तोंड लावलेलं नाही.”

गुणवंतला जुन्या विहिरीतल्या शेवाळाचा वास आला. तो वास त्याच्या ओळखीचा होता. त्याची पाचावर धारण बसली.

“कुठली विहीर ही?” बाबांनी विचारलं.

“आमच्या मळ्यातली.” आपण कसं बोलून गेलो, त्याचं त्यालाच कळलं नाही.

“आत कोण आहे?”

“जालिंदर. माझा धाकटा भाऊ. पाय घसरला त्याचा. सकाळीच वाटणीवरून भांडलो होतो आम्ही. कासरा माझ्या हातात होता, बाबा. तो हाका मारत होता, आणि मी... मी टाकला नाही. दुसऱ्या दिवशी, जुनी विहीर, धोक्याची आहे म्हणून बुजवून घेतली.”

डुकरांनी एकदम माना वर केल्या. मग ती गुरगुरत, एकमेकांना ढुशा देत लव्हाळ्याकडं निघून गेली.

गुणवंतनं बाबांचे पाय धरले. तो लहान पोरासारखा रडत होता.

“आता तरी अनुग्रह द्या, बाबा. जन्मभर डुकरं राखीन. मला इथून हलवू नका.”

“आई आहे?”

“आहे.”

“तिला काय सांगितलंस?”

“जालिंदर रुसून मुंबईला गेलाय म्हणून. येईल म्हणून...”

बाबांनी त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

“ऊठ, घरी जा. जेवणवेळ झाली. म्हातारी तिकडं दोन ताटं वाढून बसली असेल.”