तळ्यात सोडलेल्या म्हशी

एकदा एक वृद्ध गुरू तळ्याकाठच्या देवळात राहत होते. तळे पांढऱ्या कुमुदांनी भरलेले होते. चंद्र उगवला की ती उमलत. त्यांच्या शिष्याने ती जिवापाड जपली होती. शरदातल्या पौर्णिमेला सारा गाव उपवास धरून देवळात येई. देवाला कुमुदे वाहिली जात आणि सर्वांना फराळ मिळे. आलेला माणूस उपाशी परतू नये, अशी तिथली रीत होती. यंदा गुरूंनी हा सोहळा प्रथमच शिष्याच्या हाती सोपवला होता.

फराळासाठी वरीचे तांदूळ दरवर्षी एक व्यापारी पाठवी. पण यंदा पावसाने घाट खचला. पौर्णिमेच्या सकाळी व्यापारी उन्हाने लालबुंद होऊन पायीच आला आणि पायरीवर बसला.

"गाड्या पलीकडेच अडकल्यात, महाराज. रिकाम्या हातांनी आलो."

शिष्य गुरूंकडे धावला. "गुरुजी, लोक यायला लागलेत. रीत माझ्याच हातून मोडणार!"

गुरू उठून काठावर गेले. त्यांनी म्हशी चारणाऱ्या म्हातारीला हाक मारली. "बाई, म्हशी तळ्यात घाल. पूर्वेचा काठ तेवढा सोड."

म्हातारी हसली. "रोज नुसतं काठाला तोंड लावलं तरी तुमचा चेला काठी घेऊन धावतो. आज म्हशींनाही पुण्य मिळायचं का?"

शिष्य हात पसरून आडवा उभा राहिला. "आधी मला तुडवा!"

"बाजूला हो, बाळा," गुरू म्हणाले आणि त्यांनी त्याचा हात हळूच आपल्या हातात घेतला.

म्हशी आत शिरल्या. पाने फाटली, कळ्या खुरांखाली गेल्या. शिष्याने डोळे मिटून घेतले.

"अरे, रडतोस काय? बघ तरी, वर काय येतंय!" म्हातारी ओरडली.

तुडवलेल्या चिखलातून कुमुदांचे काळे, गाठाळ कंद सुटून पाण्यावर तरंगत होते. माणसे टोपल्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरली. बायांनी कंद उकडून सोलले, त्यांना तूप-जिऱ्याची फोडणी दिली. कुमुदांच्या पिकल्या फळांतले बी तापल्या कढईत लाह्यांसारखे फुलले. गुरूंनी पाकळ्या भिजवलेले साखरपाणी व्यापाऱ्याला पाजले. "उन्हाचा दाह याने शमतो, असं जुने वैद्य सांगत," ते म्हणाले. व्यापाऱ्याने आणखी एक पेला मागितला.

पंगतीमागून पंगत उठली. कोणी उपाशी राहिले नाही.

तेव्हा गुरू शिष्याला म्हणाले, "चिखलात राहूनही हे फूल निर्मळ राहतं, म्हणून आपण त्याला पावित्र्याची खूण मानतो. पण चिखलाशी त्याचं वैर कधीच नव्हतं, बाळा. त्याच चिखलात ते गावाचा घास साठवत होतं. तू त्याची शोभा जपलीस. आज त्याला उपयोगी पडू दिलंस. पूजा आता पुरी झाली."

इतक्यात चंद्र वर आला. पूर्वेच्या काठावर राखलेली कुमुदे एकेक करून उमलली आणि साऱ्या गावाने एका आवाजात देवाचा जयजयकार केला. शिष्याने देवापुढे एक फूल ठेवले; शेजारी चिखल न धुतलेला एक कंद ठेवला. मग उरलेले कंद टोपलीत घेऊन तो स्वतः तळ्यात उतरला आणि तुडवलेल्या गाळात ते पुन्हा रोवू लागला.

म्हातारी काठावरून म्हणाली, "आता पुढच्या वर्षी माझ्या म्हशींना मानाचं बोलावणं धाड हो!"

"धाडीन, आजी," शिष्य हसून म्हणाला. चिखल त्याच्या कोपरापर्यंत चढला होता.