टँकरभर पवित्र पाणी

“टँकरच्या पाण्याला आशीर्वाद चालतो का, फादर?”

फादर जोकीम बावखलाच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसले होते. बावखल म्हणजे केळीच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. दुपार इतकी सुस्त, की पाण्यातलं आभाळ वरच्यापेक्षा खरं वाटत होतं. प्रश्न ऐकून मासे थबकले म्हणतात. मी पाहिलं नाही, पण मासे माझ्याशी कधी खोटं बोललेले नाहीत.

विचारणारा दुमिंग. लहानपणी फादरांच्याच हाताखाली धर्मशिक्षण शिकला, आता गावातलं मोठं प्रस्थ. उद्या त्याच्या मुलाचं लग्न. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जातात, घागर भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरदेवाला आंघोळ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. त्याशिवाय आमचा नवरा घराबाहेर पाऊल टाकत नाही.

अडचण एवढीच, की वडिलांची विहीर वाटणीत धाकट्या पास्कूकडे गेली होती. त्या दिवशी दुमिंगने क्रुसावर हात ठेवून शपथ घेतली होती, या विहिरीचा थेंब माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. त्याला सात वर्षं झाली. भाऊ शेजारी राहतात, बोलत नाहीत. इकडे बायकोने सकाळीच सांगून टाकलं होतं, उंबराचं पाणी नाही तर मी चर्चची पायरी चढणार नाही.

“शपथ मोडू, की पोराला कोरडा पाठवू? म्हणून टँकर मागवलाय. दहा हजार लिटर. तुम्ही फक्त...”

फादरांनी पाय पाण्यातून बाहेर काढले.

“चालतो,” ते म्हणाले.

पंच्याऐंशी वर्षांचा माणूस ओल्या पायांनी दुमिंगच्या दारात गेला आणि टँकरच्या लोखंडी शिडीवर चढला. झाकण उघडलं, चिमूटभर मीठ टाकलं, प्रार्थना म्हटली, क्रूस केला. टँकरच्या पोटात लांब कुठेतरी घंटा वाजल्यासारखं झालं. ड्रायव्हरने टोपी काढली.

दुमिंग खूश होऊन घागर भरायला निघाला.

“दुमिंग, तुझ्या मोरीतलं पाणी कुठे जातं?”

“गटारात.”

“पवित्र पाणी... गटारात?”

घागर हातातच राहिली. पवित्र पाणी मातीला द्यावं, नाहीतर विहिरीला. हे त्यानेच एकदा वर्गात घडाघडा म्हणून शाबासकी मिळवली होती.

माती कुठली? लग्नासाठी त्याने कुंपणापासून पायरीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले होते. मुंगीला बीळ करायला जागा ठेवली नव्हती. त्यात ड्रायव्हरला पुढची फेरी होती. पाइप पोचेल तिथे ओततो, नाहीतर रस्त्यावर सोडून जातो, म्हणाला.

पाइप एकाच ठिकाणी पोचत होता.

दुमिंग कुंपणाशी जाऊन उभा राहिला. पलीकडे पास्कू विहिरीच्या काठावर विडी ओढत बसला होता.

“पास्कू... तुझ्या विहिरीत पाणी ओतायचंय. पवित्र आहे.”

सात वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि तेही असं.

पास्कूने टँकर पाहिला. मग भावाकडे पाहिलं.

“एवढं?”

“हो.”

“...ओत.”

विहीर भरत गेली. पाणी काठाला आलं आणि त्याच्याबरोबर ढग, ताडाचे शेंडे, दोघा भावांची डोकी वर आली. एक बेडूक सगळ्यांना नमस्कार करून परत बुडाला. यावर कुणी विश्वास ठेवत नाही, मीही आग्रह धरत नाही. विहिरीवर माणसं बघून बँडवाल्यांना वाटलं, मिरवणूक सुरू झाली. ते वाजवत आले, मागोमाग बायका आल्या. पास्कूने नुसतं वाकून, दोराशिवाय घागर बुडवली आणि वहिनीच्या कमरेवर ठेवली.

दुमिंग आडवा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. लोक नवरानवरीवर फुलं उधळत होते, तेवढ्यात दुमिंगने फादरांना चर्चच्या दारात गाठलं. त्याचा चेहरा उतरलेला होता.

“फादर, त्या घागरीत पास्कूचं पाणी होतं, की टँकरचं? माझी शपथ राहिली, की मोडली?”

फादरांनी त्याच्या खांद्यावरची एक पाकळी उचलली, निरखली, खिशात टाकली.

“मला काय विचारतोस? पोराला विचार. भिजला तो.”