पिल्लू माझं घमेल्यात

एक होती चिचुंद्री. नाक लांब, डोळे बारीक. अंगाला वास. येतो थोडा वास, त्यात काय? तुमच्या मोज्यांना येत नाही?

चिचुंद्रीला पिल्लं होती. फिरायला निघाली की त्यांची आगगाडी व्हायची. आईची शेपटी पहिल्याच्या तोंडात. पहिल्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात. दुसऱ्याची शेपटी तिसऱ्याच्या तोंडात. आणि सगळ्यात मागे, सगळ्यात लहान, तो टिंबू.

चिचुंद्री राहायची टेकडीखालच्या नव्या वस्तीत. आधी तिथे गवत होतं. पाऊस पडला की गवत पाणी प्यायचं. उरलेलं पाणी ओढ्याने जायचं. मग माणसं आली. त्यांनी गवत काढलं. फरशी घातली. फरशी पाणी पिते का? नाही पीत. मग माणसांनी भोवती भिंत बांधली, उंचच उंच. ओढा राहिला भिंतीपल्याड. माणसं फार हुशार हो! अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

एके दिवशी खूप पाऊस पडला. मग थांबला. दुपार होती, पण उजेड नव्हता. धुकं खाली उतरलं होतं. कावळा ओरडेना. कुत्रं भुंकेना. पान हलेना.

पाऊस थांबला. पण पाणी थांबलं नाही. टेकडीवरून आलं. फरशीवरून आलं. गुपचूप आलं. भिंतीला अडलं आणि वर चढू लागलं.

गुडूप. गुडूप. गुडूप.

चिचुंद्रीने आगगाडी काढली. चला रे चला! तुरतुर तुरतुर, तुरतुर तुरतुर. उंच पायरीवर चढली. मागे वळून पाहिलं. शेवटची शेपटी रिकामी!

टिंबू कुठे गेला?

टिंबू पाण्यात! गवंड्याचं एक जुनं घमेलं पाण्यावर तरंगत होतं. त्या घमेल्यात टिंबू. घमेलं फिरत होतं, गरगर गरगर. वारा नव्हता. कोणी ढकलत नव्हतं. तरी घमेलं फिरत होतं. आणि घमेल्याला होती एक चीर. चिरेतून पाणी आत येत होतं.

टिप. टिप.

"चिक!" टिंबू ओरडला. आई पायरीच्या कडेला धावली.

"पिल्लांनो, पायरीवरून हलू नका," ती म्हणाली. मग पाण्याजवळ गेली.

"पाण्या रे पाण्या, ओसर!
पिल्लू माझं घमेल्यात!"

पाणी बोललं. पाण्याला तोंड नव्हतं. आवाज मात्र सगळीकडून आला.

"मी नाही ओसरत. जाऊ कुठे? ओढा वाट देईल, तर मी ओसरेन."

गुडूप.

चिचुंद्री निघाली. तुरतुर तुरतुर, तुरतुर तुरतुर. वेलीवरून वर. भिंतीवरून खाली. भिंतीपल्याड ओढा पडला होता. लांबच लांब. कोरडाच कोरडा. खोल खड्ड्यातून त्याचा आवाज येत होता, खुळ... खुळ...

"ओढ्या रे ओढ्या, वाट दे!
पाणी ओसरेना,
आणि पिल्लू माझं घमेल्यात!"

ओढा हळूच बोलला. आजारी माणूस बोलतो ना, तसा.

"मी नाही वाट देत. पाणी मला दिसतच नाही. मोरी तोंड उघडेल, तर मी वाट देईन."

भिंतीआडून ऐकू आलं, टिप. टिप. टिप.

मोरी म्हणजे काय? भिंतीखाली पाणी जायला ठेवलेलं मोठं भोक. आत काळोखच काळोख. चिचुंद्री निघाली. तुरतुर तुरतुर, तुरतुर तुरतुर.

"मोरी गं मोरी, तोंड उघड!
ओढा वाट देईना,
पाणी ओसरेना,
आणि पिल्लू माझं घमेल्यात!"

आतून आवाज आला. मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. घोंऽऽ घोंऽऽ.

"मी नाही तोंड उघडत. तोंडावर ओटा बसलाय. ओटा हलेल, तर मी तोंड उघडेन."

टिप. टिप. टिप.

ओटा होता भिंतीला चिकटून. नवा कोरा. पांढऱ्या फरशीचा. बरोब्बर मोरीच्या तोंडावर! चिचुंद्री गेली. तुरतुर तुरतुर, तुरतुर तुरतुर.

"ओट्या रे ओट्या, हल ना!
मोरी तोंड उघडेना,
ओढा वाट देईना,
पाणी ओसरेना,
आणि पिल्लू माझं घमेल्यात!"

"मी नाही हलत," ओटा म्हणाला. "मला कुठे पाय आहेत? गवंडी घण उचलेल, तर मी हलेन."

भिंतीआडून टिंबू ओरडला, "चिक!" आवाज बारीक झाला होता.

चिचुंद्री पळाली. तुरतुर तुरतुर, तुरतुर तुरतुर. ओढ्याच्या काठावर एक पत्र्याची शेड. शेडमध्ये हणमंतदादा गवंडी चहा पीत बसला होता. बाजूला त्याचा मोठा घण. चिचुंद्री आली तसं दादाने नाक धरलं.

"हणमंतदादा, घण उचल!
ओटा हलेना,
मोरी तोंड उघडेना,
ओढा वाट देईना,
पाणी ओसरेना,
आणि पिल्लू माझं घमेल्यात!"

हणमंतदादाने नाक सोडलं. बशी खाली ठेवली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हळूच बोलला.

"न्हाय बाई. म्या न्हाय घण उचलायचा. ओट्यावर आसरा बसल्यात. आसरा उठतील, तर म्या घण उचलीन."

आसरा कोण, ठाऊक आहे? आसरा म्हणजे पाण्याच्या बाया. शेंदूर लावलेले सात दगड. माणसं त्यांना पुजतात आणि घाबरतात. म्हणतात, "पाण्याजवळ जाऊ नका, आसरा ओढून नेतात!" चिचुंद्रीही घाबरली. पण टिंबू घमेल्यात होता ना! ती गेलीच.

तुरतुर तुरतुर. तुर... तुर.

ओट्यावर सात दगड बसले होते. ओळीने. धुक्यात लालच लाल.

"आसरांनो, आसरांनो, उठा ना!
गवंडी घण उचलेना,
ओटा हलेना,
मोरी तोंड उघडेना,
ओढा वाट देईना,
पाणी ओसरेना,
आणि पिल्लू माझं घमेल्यात!"

सातही जणी एकदम बोलल्या. एकाच आवाजात. गार, गार आवाजात.

"पाय कोरडे... पाय कोरडे... आमचे पाय कोरडे..."

चिचुंद्री तरी तिथेच उभी राहिली.

"आम्ही नाही उठत," आसरा म्हणाल्या. "आम्हाला शेवंताआक्काने बसवलं. बाईमाणसाला घरून निघताना ओटी भरून पाठवतात. आक्का ओटी भरेल, तर आम्ही उठू."

टिप. टिप. टिप. टिप.

चिचुंद्री धावली. भिंतीवरून वर, वेलीवरून खाली. तुरतुर तुरतुर, तुरतुर तुरतुर. शेवंताआक्काच्या दारात आली. आक्काच्या उंबऱ्यालाही पाणी लागलं होतं. आक्का खाटेवर पाय वर घेऊन बसली होती.

"आक्का गं आक्का, ओटी भर!
आसरा उठेनात,
गवंडी घण उचलेना,
ओटा हलेना,
मोरी तोंड उघडेना,
ओढा वाट देईना,
पाणी ओसरेना,
आणि पिल्लू माझं घमेल्यात!"

"अगं बाई!" आक्का म्हणाली. "मी न्हाय ओटी भरायची. नवसाचा ओटा हाय माझा. घर झालं, तवा बांधला. आसरांस्नी चिखल लागू नये म्हनून चांगली पांढरी फरशी घातली. आता उठवू? आन् त्या रागावल्या म्हंजी?"

झालं! आता कोणाकडे जायचं? कोणीच उरलं नाही.

चिचुंद्री आक्काच्या उंबऱ्यावर बसली. तिला रडू आलं. "आक्का," ती म्हणाली, "तू नुसतं ऐक."

आक्काने कान दिला. चिचुंद्रीनेही कान दिला.

टिप. टिप. टिप. टिप. टिप.

एवढंच. "चिक" ऐकू आलं नाही. दोघींनी वाट पाहिली. "चिक" आलंच नाही.

शेवंताआक्काला भडभडून आलं. तिने कपाळावर हात मारला.

"काय केलं म्या! पान्याच्या बाया त्या. त्यांस्नी कोरड्यात बसवलं! आन् पान्याच्या वाटंवरच बसवलं!"

आक्का उठली. फडताळ उघडलं. नारळ घेतला, तांदूळ घेतले, हिरव्या बांगड्या घेतल्या, खण घेतला. साडी खोचली. पाण्यातून निघाली, डुबुक डुबुक. वरच्या अंगाच्या फाटकातून बाहेर, भिंतीला वळसा घालून थेट ओट्यापाशी. पुढे चिचुंद्री, तुरतुर तुरतुर.

"बायांनो, चुकलं माझं," आक्का म्हणाली. "चला, पान्याकाठी चला."

आक्काने ओटी भरली. आणि आसरा उठल्या. दगड किती जड असतात! आक्काच्या हाताला मात्र ते हलके लागले, अगदी कापसासारखे. तिने त्यांना ओढ्याच्या काठी नेलं. ओळीने बसवलं. ओटी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

आसरा उठल्या, मग गवंड्याने घण उचलला. ठाण! ठाण! ठाण!

गवंड्याने घण उचलला, मग ओटा हलला. धडाम!

ओटा हलला, मग मोरीने तोंड उघडलं. भऽऽक!

मोरीने तोंड उघडलं, मग ओढ्याने वाट दिली. खुळखुळ खुळखुळ!

ओढ्याने वाट दिली, मग पाणी ओसरलं. सूंऽऽऽऽ!

पाणी ओसरलं. आणि घमेलं?

घमेलं पाण्याबरोबर निघालं. गरगर गरगर, सर्रकन मोरीत शिरलं. काळोखात. टिंबूला घेऊन.

चिचुंद्री किंचाळली. हणमंतदादाने घण खाली टाकला. आक्काने तोंडाला पदर लावला. माणसं म्हणतात ते तिला आठवलं. आसरा ओढून नेतात...

घमेलं मोरीतून बाहेर आलं. उलटं झालं होतं. खाली कोणीच नव्हतं.

चिचुंद्री काठाने धावली. तुरतुर तुरतुर. "टिंबू!" ओढा वाहत होता. तुरतुर तुरतुर. "टिंबू!" धुकं आणखी दाट झालं. तुरतुर तुरतुर. "टिंबू!" धावता धावता ती आसरांपाशी आली.

सात जणी बसल्या होत्या, ओळीने. त्यांच्या पायांवरून पाणी वाहत होतं. पुढ्यात नारळ होता. तांदूळ होते. हिरव्या बांगड्या होत्या. आणि खण?

खणाची घडी मोडलेली होती. कोणीतरी तो गुंडाळून ठेवला होता. बाळाला दुपट्यात गुंडाळतात ना, तसा. आत काहीतरी हलत होतं.

"चिक."

टिंबू!

चिचुंद्रीने त्याला चाटलं. नाक चाटलं, कान चाटले, पोट चाटलं. टिंबू कोरडा होता. खणही कोरडा होता. कोणी गुंडाळलं त्याला? आक्का तर मोरीपाशी उभी होती. हणमंतदादा तिच्या बाजूला होता. काठावर दुसरं कोणीच नव्हतं.

आक्का आली. तिने पाहिलं. वाकली, हात जोडले, आणि आसरांच्या ओल्या पायांना हळूच हात लावला.

मोरीपुढे आता कोणी काही बांधत नाही. खडा आला तरी हणमंतदादा तो उचलतो. नाक धरून का होईना, चिचुंद्रीला रामराम करतो.

आणि टिंबू? आई त्याला पायरीवर घेऊन गेली. भावंडं जवळ सरकली. टिंबू दूध प्यायला. पोट फुगेस्तोवर प्यायला. पिता पिता झोपला.

पाणी गेलं ओढ्यात,
पिल्लू आलं कुशीत,
आणि आमची गोष्ट जिरली मातीत.