ओळीपुढची घरं

“...पण त्या वाक्यात चुकीचं काय आहे, ते तरी सांगाल का, बुवा?”

शार्दूलचा आवाज चढला होता. मठात बुवांपुढं आवाज चढवायची पद्धत नाही. पण नाकानं कांदे सोलणाऱ्याला पद्धत कोण शिकवणार?

बुवा पत्रावळी पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“वाच बघू एकदा,” ते म्हणाले.

शार्दूलनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मंत्र म्हणावा तसं वाचलं, “ही क्रिया ओळीतल्या प्रत्येक एकाचं शून्य करते आणि प्रत्येक शून्याचं एक.”

“झालं?”

“झालं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. आता दाखवा चूक.”

चूक नव्हतीच. म्हणून तर मला जास्त राग येत होता.

भानगड काय ती आधी सांगून टाकतो. आमचा मठ लहान. इतर मठांत अन्नदान चालतं. आमच्याकडं अन्नदान चालतं आणि ‘दुवा’ चालतो. दुवा ही लायब्ररी, पण पुस्तकांची नव्हे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला डेटाबेसशी बोलायचं असतं, त्याचं हे तयार सामान. फुकट. कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं. तुळशीरामबुवांनी नोकरीत असताना ती सुरू केली आणि भगवं नेसल्यावरही सोडली नाही.

कोड बुवांचा. तपासणी माझी आणि स्वयंपाकही माझा. कुठली क्रिया काय करते हे चार लोकांना समजेल असं लिहून ठेवायचं काम शार्दूलचं. समजेल असं! मी एकदा म्हणालो होतो, बाबा रे, दोन वाक्यं वाढव. तर म्हणाला, “तू भाजी चिर.”

खांबाशी वैजयंता बसली होती. सकाळच्या एसटीनं आली होती आणि आल्यापासून तिनं चहालासुद्धा हात लावला नव्हता.

ती एका संस्थेत काम करते. संस्था दुष्काळी गावांत टँकर पाठवते. कुणाला पाणी मिळालं, याची नोंद वैजयंतानं लिहिलेला प्रोग्राम ठेवतो, तो आमच्या दुव्याच्या जिवावर. एक लांब ओळ, ओळीत कप्पे, प्रत्येक घराला एक कप्पा. पाणी मिळालं की त्या कप्प्यात एक लिहायचा, नाही लिहिला तर शून्यच. संध्याकाळी सगळी ओळ उलटी करायची. आता जिथं एक दिसेल ती राहिलेली घरं. त्यांना उद्या आधी पाणी. रोज नवी ओळ. साधा, सरळ हिशेब.

बिरोबा वस्ती डोंगरावर आहे. तिच्या घरांचे नंबर सगळ्यांत शेवटी आणि टँकरही तिथं सगळ्यांत शेवटी जायचा. पण पाणी खालच्या गावांतच संपू लागलं. वस्तीतल्या एकाही घराला मिळालं नाही, म्हणून वस्तीच्या एकाही कप्प्यात कुणी काही लिहिलं नाही.

आणि यंत्राची खोड अशी, की जिथं शेवटचा एक लिहिला तिथंच ते ओळ संपवतं. आठ-आठ कप्प्यांचे गठ्ठे असतात, तो गठ्ठा तेवढा पुरा करतं. त्याच्यापुढं ओळच नाही. मग उलटी केली तरी जेवढी आहे तेवढीच उलटणार.

म्हणून वस्ती राहिलेल्या घरांतही आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

माणसं घागरी घेऊन खाली ऑफिसात गेली. तिथल्या साहेबांनी पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, “राहिलेल्यांत तुमचं नाव नाही. म्हणजे पाणी मिळालंय. खोटं बोलता होय?”

तहानलेल्या माणसाच्या तोंडावर हे! ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, डोळे आहेत ना तुला? घागर दिसत नाही? ओठ दिसत नाहीत त्या माणसांचे?

शेवटी वस्तीतल्या चांगुणाबाई पाण्यासाठी जुन्या विहिरीत उतरल्या. पायरी निसटली. कमरेचं हाड मोडलं. म्हातारी आता खाटेवर आहे आणि पुन्हा उभी राहील की नाही, डॉक्टर काही बोलत नाहीत.

हे सगळं वैजयंतानं सकाळी सांगितलं होतं. ना रडली, ना कुणावर ओरडली. मला वाटतं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

“प्रोग्राम मी कळल्या दिवशीच दुरुस्त केला,” ती आता पुन्हा म्हणाली. “वस्तीत जाऊन माफीही मागितली. पण दादा, तुमचं हे पान माझ्यासारखे आणखी किती जण वाचत असतील. आज नवी आवृत्ती निघतेय ना? तिच्यात एक वाक्य वाढवा. ओळ कुठं संपते, एवढंच लिहा.”

“ताई, ओळ जिथं संपते तिथं संपते. जे नाहीच, ते उलटं कसं होणार? हे तुम्हाला कळायला हवं होतं.”

“मी तपासलं होतं, दादा. वस्तीचं एकेक घर विचारून बघितलं. कुठलंही घर विचारा, तुमची लायब्ररी शून्यच सांगते. पाणी मिळालं नाही म्हणते. मी निर्धास्त झाले. आणि राहिलेली सगळी घरं एकदम मागितली, की तीच घरं गायब.”

“दोन्ही बरोबर आहे.”

“दोन्ही बरोबर?”

“हो. एकट्या कप्प्याला विचारलं आणि तो ओळीच्या बाहेर असला, तर उत्तर शून्य. ओळ उलटी केली तर जेवढी आहे तेवढीच. यात विसंगती कुठाय?”

“दोन्ही बरोबर... मग चांगुणाबाई कशानं पडल्या?”

शार्दूल खांदे उडवून म्हणाला, “पायरीनं.”

माझ्या हातात आमटीचं पातेलं होतं. ते मी चुलीवर इतक्या जोरात आदळलं, की निम्मी आमटी सांडली. माणूस आहेस की कोण आहेस रे तू! इतकं शिकून हे बोलायला शिकलास?

बुवांचा हात पत्रावळीवर थांबला होता. त्यांच्या कपाळाची शीर उभी राहिलेली मी पहिल्यांदा बघितली.

“शार्दूल.”

“जी.”

“वाक्य वाढवशील?”

“नाही.”

“का?”

“कारण मी शहाण्यांसाठी लिहितो, बुवा. आज हे लिहा, उद्या विस्तव पोळतो तेही लिहा. प्रत्येक अर्धवटाच्या चुकीपायी एकेक वाक्य चिकटवत गेलो, तर त्या पानाचं चऱ्हाट होईल. तुम्हीच शिकवलंत ना, खरं बोलावं आणि थोडं बोलावं? माझं वाक्य खरं आहे. थोडं आहे.”

“हो. खरं आहे,” बुवा म्हणाले.

“मग?”

बुवांनी पुढची पत्रावळ पुसायला घेतली.

शार्दूलनं विजयी मुद्रेनं वैजयंताकडं बघितलं. तिनं पिशवी जवळ ओढली.

“येते मी, बुवा. चांगुणाबाईंनी एकच गोष्ट विचारली होती, दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं नाही ना व्हायचं? संध्याकाळी जाऊन सांगते त्यांना, की होईल.”

“बस, पोरी. उपाशी जाऊ नकोस,” बुवा म्हणाले.

“बुवा, तुम्हीच बदला की ते वाक्य!” मला राहवेना. “तुमची लायब्ररी, तुमचा मठ. ह्याला कशाला विचारत बसलाय?”

“ज्याचं वाक्य, त्यानंच बदलायचं. नेम आहे.”

“चुलीत गेला तो नेम!”

“नेम मीच घातलाय,” बुवा म्हणाले. “वाक्याला मी हात लावणार नाही.” मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. “चला. पानं मांडा. उन्हं डोक्यावर आली.”

आमच्या पंगतीला बसायला लांब पट्ट्या आहेत. एका पट्टीवर आठ माणसं बसतात. त्या दिवशी वैजयंता पाहुणी म्हणून पहिल्या पानावर बसली. पुढं मठाचा माळी, विहिरीच्या मोटरचं काम करायला आलेली गावची माणसं, असे सगळे बसत गेले. रोज मी वाढतो, पण बुवांनी माझ्या हातातली पळी काढून घेतली.

“आज मी वाढतो. तू बस.”

मी बसलो, माझ्यापलीकडं गावचा आणखी एक जण बसला आणि पहिली पट्टी भरली. शार्दूल हातपाय धुऊन, केस सारखे करून सावकाश आला. त्यानं दुसरी पट्टी पसरली, स्वतःच पान घेतलं, पेला घेतला आणि एकटाच बसला.

बुवांनी वैजयंताला वाढलं. भात, आमटी, भाजी, वर तुपाची धार. पेल्यात पाणी. मग पुढच्या पानाकडं वळले.

माळ्याचं पान त्यांनी ओलांडलं.

माळी माझ्याकडं बघायला लागला. मी खांदे उडवले. वय झालं, चुकलं असेल. पुढं सगळ्यांना नीट वाढत आले आणि माझ्यापाशी पोचल्यावर माझंही पान ओलांडलं! शेवटच्या माणसाला वाढलं आणि थांबले.

“बुवा, मी...”

“गप.”

ते पुन्हा पहिल्या पानापाशी गेले. तिथं उभं राहून त्यांनी पट्टीवरचं एकेक पान बघितलं. ओठ हलत होते.

“आता उलटं,” ते स्वतःशीच म्हणाले. “ज्याला मिळालं, तो नाही. ज्याला नाही मिळालं, तो.”

मग माळ्याला वाढलं. मग मला वाढलं. माझ्या पानावर आमटी पडेपर्यंत मला काही उमगलं नव्हतं. आणि उमगलं, तेव्हा माझी नजर आपोआप दुसऱ्या पट्टीकडं गेली.

बुवांनी पातेल्यांवर झाकणं घातली. पाण्याची कळशी उचलून कोपऱ्यात ठेवली.

“राहिलेल्या सगळ्यांना मिळालं,” ते मोठ्यानं म्हणाले. आपलं पान घेऊन चुलीपाशी बसले आणि त्यांनी हर हर महादेव केलं.

कुणी घास उचलला नाही.

शार्दूलचं पान कोरडं होतं. पेला अजून पालथाच होता.

“बुवा...”

“हं.”

“मला वाढायचं राहिलं.”

“राहिलेल्यांना वाढलं की आत्ता.”

“त्यात मी नव्हतो.”

“नव्हतास. म्हणजे तुला मिळालंय.”

कुणीतरी फिसकन हसलं. मी नव्हतो, शपथ घेऊन सांगतो. मला हसू येतच नव्हतं. वैजयंताही हसत नव्हती. तिनं आपला पेला उचलला आणि ती उठायला लागली. बुवांनी नुसता हात वर केला. ती पेला हातात धरून तशीच बसून राहिली.

“मिळालंय?” शार्दूल म्हणाला. “पान बघा माझं. कुठं मिळालंय?”

“पान कशाला बघू? ओळ बघितली.”

“मग ओळ आणखी पुढं बघायची!”

“ओळ संपली तिथं.”

“संपली कशी? मी आहे ना तिच्यापुढं!”

बुवांनी भात कालवला. सावकाश कालवला. एक घास घेतला.

शार्दूलचा चेहरा लाल झाला होता. इतका वेळ जपलेला तो थंड आवाज पार फाटला.

“ही काय थट्टा लावलीय? सकाळपासून पोटात काही नाही माझ्या. घोटभर पाणी कुणी विचारत नाही! आणि तुम्ही सगळे मुकाट माना खाली घालून बसलाय, लाज नाही वाटत? अहो, मी इथं बसलोय! सगळ्यांच्या समोर, धडधडीत बसलोय! दिसत नाही का मी तुम्हाला?”

वैजयंतानं हातातला पेला खाली ठेवला.

बुवांनी दुसरा घास उचलला होता, तो परत पानावर ठेवला. शार्दूलकडं बघितलं.

“दिसतोस की, बाळा,” ते म्हणाले. “पण आज मी तुझ्या वाक्यावरून वाढतोय.”