कासमचाचांचा कान

कर्दळवाडी नावाच्या गावात हैबतराव नावाचे एक सधन गृहस्थ राहत होते. शिकार त्यांनी जन्मात केली नव्हती. रानात हरीण आडवे आले तर तेच वाट सोडून उभे राहत. परंतु विलायतेत घडलेल्या जुन्या शिकारी रायफलींचे, आणि त्यांतही जोडनळी रायफलींचे, त्यांना विलक्षण वेड होते. शेजारी शेजारी दोन नळ्या, त्यांच्यामध्ये कथलाने सांधलेली पोलादाची अरुंद पट्टी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आणि त्याच्या पुढच्या पोलादावर कोरलेली नाजूक वेलबुट्टी. अशा अकरा रायफली त्यांच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात रीतसर परवान्यांनिशी उभ्या होत्या.

या कपाटात शिरण्याची एक रीत होती. हत्यारांची निगा राखणाऱ्या कासमचाचा शिकलगारांनी वाजवून पाहिल्याशिवाय कोणतीही रायफल आत जात नसे. चाचा नळ्यांची जोडी दस्त्यापासून सोडवीत, रेशमी दोरीने आढ्याच्या आकड्याला टांगीत आणि लाकडाच्या लहानशा मोगरीने तिच्यावर एकच हलका ठोका देत. सांधा निर्दोष असेल, तर देवळातल्या घंटेसारखा स्वर निघे आणि बराच वेळ रेंगाळे. पट्टी कोठे सुटलेली असेल, तर आवाज बसका येई आणि तेथल्या तेथे विरून जाई. चाळीस वर्षे चाचांच्या कानाने दिलेला निर्णय कोणी फिरवला नव्हता.

पण गेली दोन वर्षे चाचांना ऐकू येईनासे झाले होते. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती; स्वतःलाही पुरती सांगितली नव्हती. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणे ओळखीत. नळी वाजवताना तर त्यांनी आणखी एक युक्ती शोधली होती. ठोका दिला की ते नळीकडे न पाहता भोवतालच्या चेहऱ्यांकडे पाहत. स्वर चांगला निघाला की ऐकणाऱ्याच्या भुवया नकळत उंचावतात. त्या भुवया पाहून चाचा म्हणत, "उत्तम." अशा रीतीने तीन रायफली कपाटात गेल्या होत्या.

एके दिवशी दक्षिणेतल्या एका चहामळ्यावरून बारावी रायफल आली. तिच्यासाठी हैबतरावांनी सहा वर्षे पत्रव्यवहार केला होता. दुसऱ्याच दिवशी आसपासचे संग्राहक कर्दळवाडीस जमणार होते, आणि त्यांच्या देखत या रायफलीचा पहिला बार हैबतराव स्वतः उडवणार होते.

चाचांनी नळ्या टांगल्या. ठोका दिला. वर पाहिले. हैबतरावांचा चेहरा आनंदाने उजळला होता.

"बोला, चाचा."

"उत्तम आहे, सरकार."

दुपारी चाचा आपल्या अंगणात अडकित्त्याला धार लावीत बसले होते. एकाएकी कोंबड्या त्यांच्या पायांमधून सैरावैरा धावत सुटल्या. मुंगूस आले की काय, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिले. ओट्यावरून निसटलेली तांब्याची मोठी परात फरशीवर गरगर फिरत होती. तिची फेरी हळूहळू मंदावली आणि ती निजली. चाचांनी हे सारे पाहिले. ऐकले मात्र काहीच नाही.

सून रझिया धावत त्यांच्या समोर आली. "अब्बा, शेजारची माणसं धावून आली, आणि तुम्ही दचकलासुद्धा नाहीत!"

चाचांनी अडकित्ता खाली ठेवला. सकाळचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की तो चेहरा ठोका देण्यापूर्वीपासूनच उजळलेला होता. पेटी उघडली तेव्हापासून. त्या चेहऱ्यावर नळीचा स्वर उमटलाच नव्हता. तेथे केवळ हैबतरावांची इच्छा होती. नळी निर्दोषही असेल, असे त्यांनी स्वतःला सांगून पाहिले. परंतु बार उडवताना हैबतरावांचा डावा हात त्याच नळ्यांखाली असणार होता. खरे सांगावे तर चाळीस वर्षांचे नाव जाणार, आणि न सांगावे तर कदाचित तो हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या माळावर मातीचा बंधारा घालून निशाण मांडले होते. पाहुणे जमले होते. हैबतरावांनी काडतुसे हातात घेतली, तोच चाचा गर्दीतून पुढे आले.

"सरकार, बार उडवू नका. काल मी खोटं बोललो."

हैबतराव हातातल्या काडतुसांकडे पाहतच काहीतरी पुटपुटले.

"जरा वर पाहून बोला, सरकार. मला ऐकू येत नाही. तेच सांगायला आलोय. नळी कशी वाजली, मला ठाऊक नाही."

हैबतरावांचा चेहरा लाल झाला. "मग काल 'उत्तम' कशावरून म्हणालात?"

"तुमच्या चेहऱ्यावरून."

पाहुणे हसले. हैबतराव हसले नाहीत. "बहिरे तुम्ही असाल, चाचा. मी तर बहिरा नाही! नळी वाजली तेव्हा मी तेथेच उभा होतो."

पाहुण्यांमध्ये दिनकरपंत नावाचे एक वयोवृद्ध संग्राहक होते. त्यांनी सहज विचारले, "मग कशी वाजली हो, हैबतराव?"

हैबतरावांनी कालची सकाळ आठवून पाहिली. त्यांना स्वर आठवेना. रायफलीच्या पेटीवरची चिठ्ठी आठवत होती, दोरीचा रंग आठवत होता, चाचांचा 'उत्तम' हा शब्द तर कानात घुमत होता. परंतु ज्या एका आवाजासाठी सारा खटाटोप होता, तो त्यांनी ऐकलाच नव्हता.

त्यांनी काडतुसे पुन्हा पेटीत ठेवली. "पंत, आता तुम्हीच वाजवून पाहा."

"छे! माझ्या कानाचा भरवसा धरू नका," पंत म्हणाले. "ही रायफल मलाही हवी होती. मला ती बसकीच ऐकू येईल."

तेव्हा चाचांनी माळाच्या कडेला बोट दाखवले. तेथे गौराबाई कुंभारीण पाहुण्यांसाठी पाण्याचे माठ मांडीत होती. "तिला बोलवा. तिला ही रायफल विकायचीही नाही, घ्यायचीही नाही. आणि तिचा सारा जन्म वाजवून बघण्यात गेलाय."

गौराबाई पदराला हात पुशीत आली. चाचांनी दस्त्यापासून सोडवून बाभळीच्या फांदीला दोरीने टांगलेल्या नळ्यांकडे तिने काहीशा नापसंतीने पाहिले. "ह्ये बंदुकीचं मला काय बी कळत न्हाई, दादासाहेब."

"कळू नये, हेच बरे," हैबतराव म्हणाले. "माठ समजून वाजव."

तिने मोगरी नाकारली. बोटाचे पेर वाकवून तिने वर एक टिचकी मारली, मध्ये एक, खाली एक. प्रत्येक वेळी डोळे मिटून ती थांबली. मग पुन्हा मधल्या जागी आली आणि तेथेच रेंगाळली.

"फुटलं न्हाई. पन हितं आत कायतरी सुटलंया. ह्यो माठ असता तर म्या कुनाला इकला नसता. झाडाला पानी घालाया घरी ठेवला असता."

दिनकरपंतांना राहवले नाही. "घ्या हैबतराव! आजवर बंदुका विलायतेहून आणल्यात. कान मात्र कुंभारवाड्यातून आणावा लागला!"

चाचांनी तिने दाखवलेल्या जागी पट्टीवर अंगठा दाबला. सांध्यातून काळपट तेलाची एक बारीक रेघ झिरपून वर आली. त्यांनी तेथेच मांडी घातली आणि सळई तापवून, कथील वितळवून पट्टी उचलली. खाली गंज होता. कोण जाणे किती पावसाळ्यांचे पाणी तेथे मुरले होते. डाव्या नळीचे पोलाद एका जागी इतके झिजले होते की चाचांनी नख लावताच पापुद्रा निघून खळगा पडला. बार उडाला असता, तर काय झाले असते ते कोणालाही सांगावे लागले नाही. हैबतरावांनी आपला डावा हात नकळत पाठीमागे नेला.

"आणखी एक, सरकार," चाचा म्हणाले. "मागच्या दोन वर्षांत घेतलेल्या तिन्ही रायफली पुन्हा वाजवून घ्या. त्याही मी अशाच पारखल्या होत्या."

हे कोणी विचारले नव्हते. त्या तिन्ही माळावर आणून गौराबाईकडून वाजवल्या गेल्या. दोन घंटेसारख्या वाजल्या. तिसरी बसकी निघाली. तिच्यातून हैबतरावांनी गेल्या दसऱ्यास दोन बार उडवले होते.

चाचांनी आपली मोगरी हैबतरावांच्या पायाशी ठेवली. "चाळीस वर्षं झाली. आता दुसरा माणूस पाहा."

हैबतरावांनी मोगरी उचलली. चाचांना ओठ नीट दिसतील असे ते समोर उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "चाचा, ऐकणारा कान कुंभारवाड्यातही मिळाला. 'मला ऐकू आले नाही' असे चारचौघांत सांगणारी जीभ मी कोठून आणू?" आणि त्यांनी मोगरी चाचांच्या हातात परत दिली.

बारावी रायफल कपाटात ठेवली गेली, पण पट्टी उचललेल्या स्थितीत, गंज दिसेल अशी. पुढे कर्दळवाडीस कोणतीही नवी रायफल आली की गौराबाई वाजवी, चाचा सांधा तपासीत, आणि तोवर हैबतराव दिवाणखान्याबाहेर जाऊन उभे राहत. तो नियम त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता.

तात्पर्य: आपल्याला कळेनासे झाले आहे हे वेळीच सांगणे, हीच जाणकाराची खरी कसोटी होय, आणि ज्याला खरे उत्तर हवे असेल, त्याने आपली इच्छा प्रश्नाआधी बोलू देऊ नये.