उष्ट्या घासाचा माळ

एका राज्यात एक माळ होता, आणि त्या माळावर मुक्काम करणाऱ्याला कधी एकट्यानं जेवता येत नसे. चूल पेटली की झाडाझाडांवरून राखी पाखरं उतरत, ताटाभोवती रिंगण धरत आणि माणसाच्या आवाजात म्हणत, "वाढा हो, वाढा." मोठमोठ्या मिशांचे शूर वाटसरूही हातातला अर्धा घास फेकून पळ काढत.

ती पाखरं म्हणजे राजा भद्रसेन आणि त्याची फौज. याच माळावर त्यांचा तळ पडला असताना एक मांत्रिक पंगतीच्या कडेला येऊन उभा राहिला होता. भुकेला होता, पण तोंडानं काही मागेना. राजानं हसत हसत आपली उष्टी भाकर त्याच्या पायाशी भिरकावली. मांत्रिक म्हणाला, "आता तुम्ही सगळे यावरच जगा."

तेव्हापासून फेकलेल्या प्रत्येक उष्ट्या घासागणिक पाखरू एक शब्द विसरे. शब्द सरले की ते कायमचं पाखरू.

राजाची मुलगी कनकप्रभा बापाला शोधत माळावर आली. एक म्हातारं पाखरू तिच्या चुलीशी उतरलं.

"मी महाराजांचा आचारी," ते म्हणालं. "महाराजांपाशी एकच शब्द उरला आहे. शाप सुटायला तीन कामं करा. न चाखता रांधा. न फेकता वाढा. आणि जो मागणार नाही, त्याला आधी वाढा."

तिनं भात रांधला, जिभेवर शीतही ठेवलं नाही. पत्रावळी मांडल्या. प्रत्येक पत्रावळीसमोर एकेक पाखरू येऊन बसलं. ती वाढायला वाकली, तोच पहिल्या पानावरून हाक आली, "कनके."

या नावानं तिला फक्त बाप हाक मारी. तिला रडू कोसळलं. तरी ती त्याला न वाढता पुढे गेली. हाक मागून येतच राहिली, दर वेळी जरा बारीक, जरा पाखरासारखी.

पंगतीच्या टोकाला, पानाविना, एक काळं पाखरू मातीत बसलं होतं. त्यानं चोच उघडली नव्हती. तो मांत्रिकच होता; शाप देणाराही पाखरू होऊन अजून उपाशीच होता. कनकप्रभेनं त्याच्यापुढे पत्रावळ मांडली, भात वाढला आणि म्हणाली, "सावकाश होऊ द्या."

त्यानं शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. मग मांत्रिक उठला, हात धुतले आणि निघून गेला. पंगतीत पिसं गळू लागली आणि पानांपुढे माणसं दिसू लागली.

राजा गादीवर बसला, राज्य पूर्ववत चालू लागलं. जेवताना तो मान वाकडी करून एका डोळ्यानं ताटाकडे पाही, एवढंच. त्यानं जन्मात पुन्हा काही मागितलं नाही. म्हणून कनकप्रभा रोज आधी त्याला वाढी.