दिवसाचा बर्फ

एकदा एक राष्ट्र होतं, इतकं लहान की सकाळी किनाऱ्याकिनाऱ्याने चालायला निघालेला माणूस दुपारी जेवायच्या वेळेला आपल्याच घराच्या मागच्या दारात उभा असायचा. चहूबाजूंनी समुद्र, मधे माडांची बाग, दोनशे घरं, एक ध्वज आणि एक सभा. सभेत सात म्हातारे. त्यांतल्या तिघांना ऐकू येत नसे आणि उरलेले चौघे ऐकून घेत नसत.

या राष्ट्राचं पोट मासळीवर होतं आणि मासळी टिकायची बर्फावर. स्वयंपाक चुलीवर, नारळाच्या सोडणांवर होई; दिवे मोजकेच. विजेचे चारातले तीन हिस्से एकटा बर्फाचा कारखाना खायचा, तेही रात्री. रात्रभर बर्फ गोठवायचा, सकाळी उन्हं वर आली की लाद्या फोडायच्या, मगच होड्या सुटायच्या. तोवर भरती निघून गेलेली असायची. असं का, असं विचारलं तर बेटावरचं शेंबडं पोरही सांगायचं, "दिवसाचा बर्फ कच्चा. टिकत नाही." लग्न ठरवतानासुद्धा बायका म्हणत, "घाई नको गो, दिवसाचा बर्फ कच्चा." एखादी गोष्ट म्हणीत जाऊन बसली की तिला प्रश्न विचारायची पद्धत नसते.

कारखान्याचं इंजिन परदेशी तेलावर चालत असे. तेलाचा करार तीस वर्षांचा होता, आणि तो या वैशाखात संपत होता. ज्याने तो लिहिला तो ज्ञानी म्हातारा अजून हयात होता. सारं बेट त्याला गुरुजी म्हणे. पुढचं धोरणही त्यानेच लिहावं, असं सभेने ठरवलं. म्हाताऱ्याने दूर देशी शिकणाऱ्या आपल्या शिष्येला पत्र पाठवलं. पत्रात तीनच शब्द होते. "ये. काम आहे."

पदवीला दोन वर्षं उरली होती. ती पुस्तकं तिथेच टाकून आली. परतीचा रस्ता तिने ठेवला नाही, कारण गुरुजींनी बोलावलं होतं.

आणि इथे येऊन पाहते तर गुरुजी भलत्याच उद्योगाला लागलेले. रोज पहाटे उठायचे, आपल्या पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतायचे, हातात करवंटी घ्यायची आणि कुणाच्या तरी दारी विस्तव मागायला निघायचे. आज या घरी, उद्या त्या घरी. बेटावरची जुनी रीत अशी, की विस्तव मागायला आलेल्याला कुणी रिकामं पाठवत नाही. चुलीजवळ बसवतात, निखारा नीट फुलला की करवंटीत घालून देतात. तोवर तो जे बोलेल ते ऐकून घेतात. गुरुजी तास तास बसायचे.

"गुरुजी, घरात आगपेटी आहे," ती म्हणायची.

"असेल."

"असेल नाही, आहे. मी काल आणली."

"सादळली असेल गं."

"पेटवून दाखवू?"

"नको. वाया जाईल काडी." आणि म्हातारा करवंटी घेऊन चालू पडायचा.

आश्विन गेला, पौष गेला. ती एकटी लिहीत राहिली. ऊन किती, वारा किती, कारखान्याला किती लागतं. कारखान्याच्या छपरावर तिने नमुन्यादाखल सोलरच्या चार पट्ट्याही बसवल्या. मसुद्याची पानं ती गुरुजींपुढे ठेवायची. ते चष्मा पुसून वाचायचे आणि म्हणायचे, "अक्षर सुरेख आहे." मग तिच्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा वाढायचे, स्वतः शेपटी घ्यायचे. तिला या माणसावर धड रागावताही येत नव्हतं. बाजारातून जाताना बायका तिच्याकडे बघून आपसात हसायच्या. तिला वाटायचं, म्हाताऱ्याच्या वेडाबरोबर आपलंही हसं होतंय.

चैत्रात व्यापारी आला. हसतमुख, गोडबोल्या. तिने त्याला तोंडावर सांगितलं, "आम्हाला तुमचं तेल नको."

"उत्तम!" तो म्हणाला. "मलाही धूर सोसत नाही. मग बॅटऱ्यांच्या पेट्या घे. ऊन दिवसा, बर्फ रात्री. मधल्या वेळेत वीज साठवणार कशात? तीन गोदामं भरून पेट्या लागतील. दहा वर्षांनी त्या मेल्या की पुन्हा तीन गोदामं. माझ्या जहाजात दोन्ही असतं, मुली."

तिचंही गणित तेवढंच येत होतं. तिच्या मसुद्याने बेट तेलातून सुटलं असतं आणि पेट्यांत अडकलं असतं. मग सभेतले म्हातारे म्हणणार, जुनंच काय वाईट आहे? आणि पुढची तीस वर्षं पुन्हा जहाजाच्या दोरीला बांधलेली. याचसाठी का ती सगळं टाकून आली होती?

सभा उद्यावर आली, त्या सकाळी ती म्हाताऱ्याच्या मागोमाग निघाली. तो विधवा मथुरीबायच्या कुंपणापाशी थांबला, घुटमळला आणि माघारी वळला. वळला तो समोर शिष्या.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "उद्या सभा आहे आणि तुम्ही करवंटी घेऊन हिंडताय! मला बोलावलंत कशाला? अक्षर बघायला? तीस वर्षांपूर्वी तुम्ही एक करार करून ठेवलात, तो आम्ही भोगतोय. आता दुसरा होतोय आणि तुम्हाला विस्तव हवाय! तुमच्या पिढीने आग लावायची, आमच्या पिढीने विझवायची, आणि वर तुमच्या पाया पडायचं!"

म्हातारा कुंपणाच्या दगडावर बसला. करवंटी त्याने मांडीवर ठेवली.

"बरोबर बोललीस," तो म्हणाला. "आता माझं ऐक. पहिलं इंजिन आलं तेव्हा रात्री नुसत्या दिव्यांवर ते नीट चालेना. मोठं इंजिन, एवढंसं काम, सारखं बिघडायचं. त्याला रात्री पोटभर काम हवं होतं. मी ठरवलं, बर्फ रात्री करू. होड्यांचे तांडेल म्हणाले, आम्हाला दिवसा करून द्या, म्हणजे पहाटे भरतीला होडी निघेल. खरं कारण सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. मी शिकलेला. मी म्हणालो, दिवसाचा बर्फ कच्चा, टिकत नाही. लोकांनी ऐकलं."

मसुद्याच्या पहिल्याच पानावर तिने स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं : 'बर्फ रात्रीच करावा लागतो, सबब...' विद्यापीठात शिकलेली मुलगी. पण ती म्हण तिने आईच्या मांडीवर ऐकली होती, आणि मांडीवर ऐकलेलं कुणी तपासत नाही.

"खोटं?" ती कशीबशी म्हणाली. "नुसतं खोटं?"

"नुसतं. भाताच्या तुसात पुरला तर दिवसाचा बर्फ दोन दिवस हलत नाही. म्हणजे तुझ्या त्या तीन गोदामांची गरज नाही. दुपारचं ऊन बर्फात साठवायचं. उरतात दिवे, त्यांना चार पेट्या पुरे."

"मग हे सभेत का नाही सांगितलंत? आश्विनात?"

"सभेत बोललेलं खोटं सभेत मागे घेता येतं, पोरी. हे मी सभेत बोललो नव्हतो. घरोघर चुलीपाशी बसून, चहा पीत सांगितलं होतं. जिथे पेरलं तिथूनच उपटायला हवं. सभेत एकदम सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याला चळ लागला. म्हणून एकेका घरी जाऊन माफी मागितली. प्रत्येकाला विनवलं, कुणाला बोलू नका, बाकीच्यांना मीच सांगेन. एकशे नव्व्याण्णव घरं झाली."

दोनशे घरांच्या बेटावर सात महिने गुपित राहिलं होतं. बाजारातल्या बायका का हसतात ते तिला आता कळलं.

"आणि हे घर?"

म्हाताऱ्याची मान खाली गेली. "हिचा नवरा. बर्फ उशिरा निघाला, होडी उशिरा सुटली, दुपारच्या वाऱ्यात सापडली. तीन दिवस येतोय. पाय उचलत नाही."

तिचा राग गेला नाही. पण रागाला सोबत करायला दुसरं काहीतरी येऊन बसलं. तिने त्याला दंडाला धरून उठवलं. "चला. मी आहे."

मथुरीबायने दोघांना चुलीजवळ बसवलं. म्हातारा बोलला. मधे एकदाही थांबला नाही. मथुरीबाय निखारे सारत होती, तिचाही हात थांबला नाही. मग ती म्हणाली, "वारा तुम्ही सोडला नव्हता, गुरुजी. पण उशीर तुमचा होता."

"हो," म्हातारा म्हणाला.

"बाकीच्यांना सांगितलंत? त्यांनी मानलं?"

"मानलं."

"बघितल्याशिवाय?" ती शिष्येकडे वळली. "बघ गो बाय, कशी माणसं! तेव्हा यांच्या शब्दावर गेली, आताही यांच्या शब्दावरच गेली. आणि तू शिकलीस ना? तू तरी कधी दिवसाचा बर्फ करून बघितलास?"

इतका नेमका चिमटा तिला कुठल्याच परीक्षेत बसला नव्हता. ती उठली ती थेट कारखान्यात गेली. चार पट्ट्यांची वीज एका साच्यापुरती होती. दुपारच्या कडकडीत उन्हात तिने एक लादी गोठवली, मथुरीबायच्या पडवीत तुसाच्या ढिगात पुरली, वर गोणपाट टाकलं.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. व्यापाऱ्याने नवा करार उलगडून ठेवला होता. धाकू तांडेल सभेचा प्रमुख; तो सवयीने सुरू झाला, "आता बर्फ रात्री..." आणि घुटमळला, कारण एकशे नव्व्याण्णवांतलं एक घर त्याचंही होतं. तेवढ्यात मथुरीबाय आणि शिष्या गोणपाटाचं गाठोडं धरून आत आल्या. त्यांनी ते कराराच्या कागदावरच ठेवलं.

"काल दुपारचा आहे," मथुरीबाय म्हणाली. "हात लावून बघा. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. माझ्यासुद्धा."

लादीच्या कडा गोलावल्या होत्या. बाकी ती जशीच्या तशी होती. सातही म्हाताऱ्यांनी एकेक करून हात लावला. ज्या तिघांना ऐकू येत नव्हतं त्यांनाही गारवा समजला. करार भिजून मऊ झाला. व्यापारी हसतमुखच होता. "पट्ट्या तरी माझ्याकडूनच घ्याल ना?"

"घेऊ," शिष्या म्हणाली. "पण सहीआधी खोकं उघडून दाखवायचं."

मसुद्यातलं एक वाक्य तिने सर्वांदेखत खोडलं आणि तिथे लिहिलं, 'बर्फ दिवसा करावा.' गुरुजींनी ते वाचलं, आणि या वेळी अक्षराबद्दल काही बोलले नाहीत.

घरी येताना ती म्हणाली, "दोनशे घरी माफी मागितलीत. माझे सात महिने घालवलेत, आईच्या मांडीवरून मला खोटं शिकवलंत. माझी माफी कुणी मागायची?"

"मागायची होती," म्हातारा म्हणाला. "पण तुझी चूल कुठे आहे? तू तर माझ्याच चुलीवर जेवतेस."

सभेच्या दुपारीच इंजिनावर बर्फ गोठवला होता; दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रावर पहिल्या भरतीला होड्या सुटत होत्या. म्हाताऱ्याने आपली चूल विझवली आणि करवंटी घेऊन बाहेर आला, तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तीन दगड मांडलेले होते, त्यांत सोडणं धुमसत होती आणि शिष्या पाटावर बसली होती. समोर दुसरा पाट टाकलेला होता.

म्हातारा अंगण ओलांडून तिच्यापाशी आला. "विस्तव आहे का गं, बाय?"

"बसा," ती म्हणाली. "अजून फुलला नाही." आणि फुंकणी तिने त्याच्या हातात दिली.